बाळाच्या हृदयातील छिद्राविषयी

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोटातल्या बाळाच्या हृदयाला छिद्र आहे एवढेच फोनवर कानी पडल्याने तुम्ही दोघांनी रात्री जागून काढल्या, हे दादाकडून कळले. देवाला गाऱ्हाणे अवश्य घाला. मात्र आई, ग्रहणात मी विळीला हात लावल्याचा विषय पुन्हा काढू नकोस. हृदयाचे पडदे आठव्या आठवड्याच्या सुमारास बनून होतात, आणि त्यात चुकून राहिलेल्या फटीचा विळीशी काही संबंध नसतो.

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत शंका आल्यावर आम्ही कोल्हापूरला जाऊन गर्भाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या स्नायूमय भागात सुमारे २ मिलिमीटरचे छिद्र आहे; करड्या चित्रात मला ते दिसलेच नाही, रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉप्लर लावल्यावर पडद्यातून एक बारीक निळी रेघ आरपार गेली, तेव्हा कळले. झडपा आणि मोठ्या रक्तवाहिन्या व्यवस्थित आहेत. या भागातील लहान छिद्रे बहुतांशी आपोआप बुजतात, काही जन्मापूर्वीच आणि बरीचशी पहिल्या एक-दोन वर्षांत. झडपांलगतच्या पातळ भागातील छिद्रे तितक्या सहज बुजत नाहीत. आणि वरचा व खालचा पडदा जिथे एकत्र येतात तिथेच उणीव राहिली, तर शस्त्रक्रिया करावीच लागते, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. त्या दोषासोबत डाउन सिंड्रोमही पुष्कळदा आढळतो. शेजारच्या काकूंनी सांगितलेली हकीकत बहुधा अशाच बाळाची असावी. ती आपल्या बाळाला लावू नये.

बाळंतपण रत्नागिरीलाच होईल आणि बाराव्यानंतर मी देवगडला येईन, म्हणूनच पुढचे नीट सांगून ठेवते. पोटात असताना हृदयाच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असतो, त्यामुळे छिद्रातून फारसे रक्त जात नाही. जन्मानंतर फुप्फुसांतील दाब हळूहळू, काही आठवड्यांत उतरतो आणि मग डावीकडचे रक्त उजवीकडे जाऊ लागते. त्यामुळे जन्मताच डॉक्टरांना छिद्रातून जाणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू आला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि त्रास व्हायचाच असेल तर तो नेमका मी तुमच्याकडे असताना होईल. दूध पिताना कपाळाला घाम येणे, दोन घोटांतच दमून स्तन सोडणे, झोपेतही श्वास जलद चालणे आणि वजन न वाढणे, ही लक्षणे आई, माझ्याआधी तुझ्याच नजरेस पडतील. “बाळ अंगाने बारीकच आहे” म्हणून ती सोडून देऊ नयेत. आरोग्य केंद्रातील काट्यावर दर आठवड्याला वजन करून घेऊ. उलट, तपासणीत मोठा आवाज ऐकू आला तरी घाबरू नका. लहान छिद्रातून रक्त जोराने जाते, त्यामुळे त्याचाच आवाज अनेकदा मोठा असतो.

बाबा, पैशाच्या चिंतेने कलमांचा सौदा घाईने करू नका. शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता कमी आहे. आलीच, तर २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. त्याची चौकशी तालुक्याच्या रुग्णालयात दादा करणार आहे.

जन्मानंतरच्या इकोचा अहवाल हाती आला की लगेच कळवीन. बाकी भेटीअंती.

तुमची लेक