ओळंबा

नागपूर
तान्हा पोळा, रात्री साडेअकरा

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "काम सुरू आहे ना बे?" आणि मी हो हो म्हणून टाकलं. खोटं होतं. मे महिन्यापासून इझलसमोर उभा राहिलो नाही. फोनच्या वेळी आई शेजारी बसली होती. आता झोपली आहे, म्हणून सगळं लिहितो.

मेमध्ये तीन बाय चारचा कॅनव्हास लावला होता. आपलं ऊन तुला माहीत आहे, पारा 45 च्या खाली यायला तयार नव्हता. कूलरच्या गार झोतासमोर सहा तास उभा राहून रंगवलं. हात असा काही चालला होता की पाणी प्यायचंच विसरलो. रात्री मांडीच्या हाडात कोणीतरी गिरमिट फिरवायला लागलं आणि पहाटे ॲडमिट. पाच दिवस सलाइन. ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "चेहऱ्यावरून तर ठीक दिसता. इंजेक्शनची सवय नाही ना लागली?" कण्हायचं नाही असं शिकलो ना, त्याची ही बक्षिसी. सोळा वर्षांचा असताना लोळून रडायचो, तेव्हा मात्र इंजेक्शन लगेच मिळायचं.

माझा हा रक्ताचा आजार, सिकलसेल, तुला कॉलेजपासून ठाऊक आहे, पण एक हिशेब तुला कधी सांगितला नाही. तुझ्या रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. माझी 10 ते 20. काल पोळ्याला जन्मलेली तुझी पेशी आरामात दिवाळी ओलांडेल. माझी अनंत चतुर्दशीपर्यंत टिकेलच असं नाही. "रात्रभर झोपून सकाळी कसला थकतोस बे?" असं विचारायचास ना, ते यासाठी. शरीर दिवसरात्र नवीन पेशी बनवण्यातच गुंतलेलं. त्यात अंगात पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात एक हातगाडी आडवी झाली की मागे काय होतं ते आठव. आई-बाबा दोघंही वाहक. प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता, आणि तो एक मी. ताई वाहक निघाली, तेवढ्यावर सुटली.

आता तुझ्या सल्ल्याकडे येतो. "दुखणंच रंगव ना, फ्रिडासारखं." म्हणजे त्या मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोसारखं. दोस्ता, करून पाहिलं. जूनमध्ये पलंगावर पडल्या पडल्या, परीक्षेच्या पॅडवर कागद लावून. माणूस काढला, त्याच्या हाडांत विळे काढले, लाल रंग ओतला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर थेट आरोग्य खात्याचं पोस्टर! खाली "लग्नाआधी रक्त तपासा" एवढंच लिहायचं राहिलं होतं. फ्रिडाच्या 1944 च्या त्या चित्रात तिच्या अंगभर खिळे आहेत, पाठीला आधार देणारं कॉर्सेट आहे. पण कॉर्सेट ती खरोखरच घालत होती. माझ्याकडे दाखवायला काय आहे? शहर बसमध्ये राखीव सीटवर बसलो तर एका काकांनी उठवलं. 2016 च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगांच्या यादीत आहे आणि प्रमाणपत्र माझ्या खिशात होतं. काढलंच नाही. गुपचूप उठलो आणि दांड्याला टेकून उभा राहिलो.

टेकून. हा शब्द ध्यानात ठेव.

जूनमध्येच एमआरआय झाला. डाव्या खुब्याच्या गोळ्याला रक्त नीट पोचत नाही, हाड झिजायला लागलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतं?" मी म्हटलं, चार-सहा महिने. घरी येऊन सहज जुन्या स्केचबुका काढल्या. मी आरशात बघून काढलेली माझी जेवढी उभी चित्रं आहेत, त्या सगळ्यांत वजन उजव्या पायावर. चार वर्षांपूर्वीच्यांतसुद्धा! कंबर एकीकडे, खांदा दुसरीकडे, आणि कुठेतरी टेकलेला: ओट्याला, दाराला, खुर्चीच्या पाठीला. मला कळायच्या आधीच ते कागदावर उतरत होतं.

आणि मग तू आठवलास. दुसऱ्या वर्षाला मॉडेल आलं नव्हतं म्हणून सरांनी मला उभं केलं होतं, आठवतं? सरांनी येऊन तुझ्या कागदावर ओळंबा धरला. गळ्याच्या खळगीतून सोडलेली दोरी वजनाच्या पायाच्या घोट्यावर यायला हवी, तुझ्या चित्रात ती पायाच्या बाहेर पडत होती. "माणूस पडून राहिला ना रे तुझा," म्हणाले आणि खोडून सरळ करायला लावलं. तू चार दिवस तोंड पाडून होतास. अरे, तुझं बरोबर होतं. मी मागच्या डाँकीला, आपल्या चित्र काढायच्या बाकड्याला, टेकलो होतो, आणि तू डाँकी काढली नव्हतीस!

गेल्या आठवड्यापासून तेच करतोय. बसस्टॉपवर, ओपीडीच्या बाकड्यावर, जिन्यात टेकलेली माणसं काढतो आणि टेकू काढत नाही. भिंत नाही, दांडा नाही, शेजाऱ्याचा खांदा नाही. माणूस अगदी धडधाकट, चेहरा शांत, फक्त ओळंबा बाहेर. छोट्या कागदावर, कोळशाने, बसून. वीस मिनिटं झाली की मोबाइल ओरडतो, मग पाणी. टर्पेंटाइन सध्या बंद.

आज महालात मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेलो होतो. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, आणि पोरं तशीच बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मीही हळूच म्हटलं, न जाणो. एका दुकानाच्या शटरला टेकून उभा होतो. मारबत पुढे गेली तेव्हा मागून पाहिली. पाठीचा कागद एका जागी फाटला होता, आत बांबू. एवढी मोठी बाई, पण स्वतःच्या पायावर क्षणभरही उभी नाही. घरी येऊन तीच काढली, बांबू वगळून. बरी जमली आहे.

तुझं ते चित्र अजून असेल तर फोटो पाठव. उजव्या पायाच्या बाहेर खोडरबराने घासल्याचा डाग असेल. त्याच्या खालची पहिली रेष मला बघायची आहे.

तुझाच

ता. क. आई विचारत होती, दिवाळीत येतोस का. आलास तर मॉडेल म्हणून उभं राहावं लागेल. सावजी मी खिलवीन, टेकायला मात्र काही मिळणार नाही.