नऊ प्रश्नांची बेरीज म्हणजे निदान नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी "तुम्हाला डिप्रेशन आहे का, स्वतःच तपासा" म्हणून एक प्रश्नावली आली होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, आणि खाली बेरीज करून बघायचं की तुम्ही सौम्य, मध्यम की तीव्र. विषय पेपरात आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या पानाचा फोटो नंतर फोनवरून इतका फिरला की लोक माझ्यासमोर बसून पहिलं वाक्यच बोलायला लागले, "मॅडम, माझे १७ आले, म्हणजे मला तीव्रच आहे ना?" मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि त्या १७ आकड्याने घाबरलेले चेहरे बघून वाटलं की आता लिहायलाच पाहिजे.

ती प्रश्नावली चुकीची नाहीये, उलट चांगली आहे. पीएचक्यू-९ असं तिचं नाव, स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के या तीन संशोधकांच्या कामातून ती तयार झाली, आणि २००१ मध्ये तिच्यावरचा मुख्य अभ्यास प्रसिद्ध झाला. उद्देश असा की साध्या फॅमिली डॉक्टरकडे अंगदुखी, थकवा, झोप नाही असं सांगत माणसं येतात, त्यांच्यातल्या कोणाकडे जरा थांबून बघायला हवं ते पटकन कळावं. दहा किंवा जास्त मार्क पडले तर नीट तपासा, एवढंच ती सांगते. थर्मामीटरने ताप आहे हे कळतं, ताप कशाचा ते कळत नाही, तसंच आहे हे. म्हणजे बघा, महिन्यापूर्वी नवरा गेलेली बाई, थायरॉइड बिघडलेला माणूस, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, आणि बायपोलरचा, म्हणजे मूड कधी खूप चढतो तर कधी खूप खाली जातो अशा आजाराचा पेशंट जो सध्या खालच्या टप्प्यात आहे, या चौघांचीही बेरीज १७ येऊ शकते आणि चौघांचं पुढे करायचं काम पूर्ण वेगळं आहे. त्यात ती प्रश्नावली फक्त गेल्या दोन आठवड्यांचं विचारते. त्याच्या आधीचं आयुष्य तिला माहीतच नसतं.

आणि एक गोष्ट त्या पानावर नव्हती ती फार महत्त्वाची आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे एक जरी मार्क पडला तरी बाकीची बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. पुढच्या वेळी हे छापाल तेव्हा ही ओळ कृपया ठळक टाइपात टाका.

आता लोकांचा दुसरा प्रश्न, जो मला अगदी रास्त वाटतो, की मग नक्की कशावरून ठरवता तुम्ही? रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही. खरं आहे, डिप्रेशन किंवा स्किझोफ्रेनिया (भास, संशय यांचा गंभीर आजार) अमुक एका रिपोर्टमध्ये दिसतो अशी टेस्ट आजही नाही. म्हणून काही जणांना वाटतं हे सगळं मनाचेच खेळ, आणि काहींना वाटतं डॉक्टर अंदाजाने गोळ्या देतात. अंदाजाने निदान व्हायचं तो काळ होता खरा. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेशंटच्या मुलाखतींच्या त्याच फिल्म अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्या होत्या. अमेरिकन डॉक्टर स्किझोफ्रेनिया हे निदान कितीतरी जास्त सढळपणे देत होते, ब्रिटिशांना त्यातल्या काही पेशंटमध्ये दुसरंच काही दिसत होतं. पेशंट तोच, बोलणं तेच, पण आजाराचं नाव डॉक्टर कुठे शिकला त्यावर ठरत होतं. असल्या गोंधळामुळेच १९८० मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या यादीच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती आली, त्यात प्रत्येक आजाराला कुठली लक्षणं, किती, किती दिवस हे पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. ती आवृत्ती करणाऱ्यांचा प्रमुख रॉबर्ट स्पिट्झर, म्हणजे वर सांगितलेल्या प्रश्नावलीतला तोच.

आता यादी आली म्हणजे प्रश्न मिटला का, तर नाही. डिप्रेशनचंच घ्या. नऊ लक्षणांपैकी पाच हवीत, दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, आणि त्या पाचात एकतर उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक हवंच. शिवाय त्याने कामावर, नात्यांवर, रोजच्या जगण्यावर परिणाम झालेला हवा किंवा त्या माणसाला त्याचा खूप त्रास होत असायला हवा. आता नवातली पाच म्हटल्यावर गणितानेच निघतं की दोन पेशंटमध्ये फक्त एकच लक्षण सारखं असू शकतं, आणि तेही झोपेचं असेल तर एकाची झोप उडालेली आणि दुसरा सारखा झोपून, असं होऊ शकतं. नाव मात्र दोघांना एकच. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी, जी २०१३ मध्ये आली, दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटला वेगवेगळं तपासून त्यांचं किती जुळतं ते मोजलं होतं. योगायोगाने जुळलेलं वजा करून शून्य ते एक असं हे माप असतं. मोठ्या आघातानंतरच्या पीटीएसडीला ०.६७ आलं, ते चांगलंय. डिप्रेशनला आलं फक्त ०.२८. म्हणजे ज्या आजाराची घरबसल्या चाचणी सगळ्यात जास्त फिरते, त्याच आजारावर शिकलेल्या डॉक्टरांचं एकमत होणं अवघड जातं. मला हा आकडा प्रत्येक ऑनलाइन टेस्टच्या वर लिहून ठेवावासा वाटतो.

मग उरतं काय, तर वेळ देऊन विचारणं. एक उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. विशीतला मुलगा, कॉलेज सोडलेलं, दिवसभर पडून, आंघोळ नाही, बोलणं नाही. आधी एकाकडे दहा मिनिटांत डिप्रेशन सांगून गोळी सुरू केलेली. माझ्यासमोर आईबरोबर बसला होता, खाली बघत, नखाने खुर्चीचं रेक्झिन टोकरत. मी त्याला विचारलं याच्या उलट कधी झालं होतं का, म्हणजे खूप छान, खूप जोरात? तो नाही म्हणाला. मग आईला तेच वेगळ्या तऱ्हेने विचारलं, की असा काही काळ आठवतोय का जेव्हा हा तीन तीन तासच झोपायचा आणि तरी सकाळी फ्रेश असायचा? आई एकदम खुलली. "अहो, मागच्या वर्षी ना, परीक्षेच्या आधी! तेव्हा तर किती छान होता तो, रात्रभर जागून बिझनेसचे प्लॅन लिहायचा, सगळ्यांना फोन, एवढा बोलायचा की ऐकणारा दमेल, पैसे उधार घेऊन लॅपटॉप काय, कॅमेरा काय, आम्हाला वाटलं पोरगा मार्गी लागला." घरच्यांसाठी ते त्याचे सगळ्यात चांगले दिवस होते, म्हणून ते कोणी सांगितलंच नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. निदान तिथे बदललं. असा चढलेला मूड सलग चार दिवस टिकला आणि माणसाच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा उघड वेगळा दिसला तर त्याला हायपोमेनिया म्हणतात, आठवडाभर टिकला आणि कामधंदा, घर विस्कटलं तर मेनिया. बायपोलरच्या पेशंटला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांत तीच त्याला वरच्या टप्प्यात ढकलू शकते, म्हणून हा फरक कागदावरचा नाहीये. बायपोलरची माणसं डॉक्टरकडे येतात ती बहुतेक खाली गेल्यावर, वर असताना त्यांना आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. नऊ प्रश्नांत त्या वरच्या दिवसांचा एकही प्रश्न नाही.

याच कारणाने मी पहिल्या भेटीला सोबत राहणारं कोणीतरी घेऊन या असं सांगते. पेशंटवर अविश्वास म्हणून अजिबात नाही. काही गोष्टी बाहेरून दिसतात त्या आतून दिसत नाहीत, आणि काही गोष्टी फक्त पेशंटच सांगू शकतो, त्यासाठी त्याला एकट्याला पण वेळ द्यावा लागतो. दोन्ही लागतं.

शरीराचं तर लोक विसरूनच जातात. थायरॉइड कमी झालं की माणूस मंद, उदास, थकलेला दिसतो, जास्त झालं की धडधड, घाम, घाबरणं, अगदी पॅनिकसारखं. बी-१२ कमी असणं, रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, दारू, ही यादी लांब आहे. म्हणून सायकियाट्रिस्टने रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या तर "मनाचं दुखणं आणि रक्त कशाला" म्हणून त्या टाळू नका. आणि वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक भलतंच बोलायला लागला, माणसं ओळखेना, संध्याकाळी जास्त गोंधळला, तर त्याला वेड किंवा म्हातारचळ समजून घरी ठेवू नका, ते डिलिरियम असू शकतं, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, एखादं नवीन औषध असं काहीही त्यामागे असतं, आणि त्यात हॉस्पिटलला लगेच न्यावं लागतं. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला सूज आणणारा एक आजार नीट ओळखून दाखवला ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, आणि सुरुवात होते भास, संशय, विचित्र वागणं यांनी, त्यातल्या कित्येक तरुण मुली आधी मनोरुग्ण म्हणूनच दाखल झाल्या होत्या. वेळेवर कळलं तर बहुतेक जण त्यातून बरे होतात.

रील्समधून एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा यांचा त्रास) ठरवणाऱ्यांना एवढंच सांगते की त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, आणि फक्त ऑफिसात किंवा फक्त अभ्यासाला बसल्यावर नाही, किमान दोन ठिकाणी. गेल्या सहा महिन्यांत फोनमुळे लक्ष लागेना झालं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. पण याचीच दुसरी बाजू पण मी रोज बघते, मोठी माणसं ज्यांना लहानपणापासून आळशी, धांदरट म्हणून बोलणी बसली आणि चाळिशीत कळलं की हे एडीएचडी होतं. त्यांच्यासाठी निदान म्हणजे केवढा मोकळा श्वास असतो. त्यामुळे "आजकाल सगळ्यांनाच काहीतरी असतं" असं म्हणून उडवून लावणारेही मला तितकेच खटकतात.

दुःख आणि आजार यातली रेघ तर खुद्द तज्ज्ञांनीच अनेकदा हलवली आहे. आधी जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने डिप्रेशनचं निदान सहसा करायचं नाही असा अपवाद होता, तो २०१३ मध्ये काढला. डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लांबलेला शोक हे वेगळं निदान आलं, त्यात मोठ्यांसाठी किमान एक वर्ष जायला हवं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तेच सहा महिने आहे. आणि १९७३ पर्यंत अमेरिकन यादीत समलैंगिकता हा आजार होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून तो निघायला १९९० उजाडलं. कितीतरी माणसांनी त्या एका नोंदीपायी काय काय भोगलं असेल. ही पुस्तकं माणसांनी बनवलेली आहेत, ती बदलतात, आणि ती बदलतात हे लोकांपासून लपवायची काहीच गरज नाही.

निदान बदलण्याबद्दलच शेवटचं, कारण यात माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधी डिप्रेशन म्हणाले, मग बायपोलर म्हणाले, म्हणजे यांना काही कळत नाही, असं म्हणून घरचे वैतागतात आणि गोळ्या एकदम बंद करून टाकतात. काही औषधं अशी झटक्यात थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असं होतं, काहींमध्ये आजारच जोरात उलटतो, बायपोलरमध्ये देतात ते लिथियमसारखं औषध तर मनाने कधीच सोडायचं नसतं. काही आजारांचं नाव पहिल्या भेटीत देताच येत नाही. डीएसएमप्रमाणे स्किझोफ्रेनिया म्हणायला एकूण सहा महिन्यांचा काळ लागतो, त्याआधी डॉक्टर दुसरं नाव लिहितात आणि पुढे ते बदलतात, आणि ते बरोबरच असतं. तुम्ही काय करू शकता, तर विचारा. हे निदान कशावरून केलंत, दुसरं काय असू शकतं, किती दिवसांनी पुन्हा बघणार, गोळीचा काय उपयोग व्हायला हवा आणि कधीपर्यंत. विचारलं म्हणून डॉक्टर रागावतील या भीतीने गप्प बसू नका, आणि उत्तर द्यायला ज्यांच्याकडे वेळच नसेल तिथे दुसरं मत घ्यायला जरूर जा, फक्त चालू गोळ्या तोपर्यंत तशाच ठेवा. जाताना झोपेच्या वेळा, आधी घेतलेल्या सगळ्या औषधांची नावं, आणि घरात कोणाला असा त्रास होता का, हे एका कागदावर लिहून न्या.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि नियमित वाचक