‘गुणवत्ता तीच, आकार निम्मा’ : हा शेरा सरसकट देता येणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपटांच्या डिस्क संगणकावर लहान करून साठवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ज्यांच्या कपाटात डीव्हीडींची चळत आहे आणि प्लेअर मात्र केव्हाही दगा देईल अशी स्थिती आहे, त्यांना हा विषय जवळचा वाटणार यात शंका नाही. परंतु लेखात निरनिराळ्या सॉफ्टवेअरची तुलना ‘काम किती मिनिटांत झाले’ या एकाच निकषावर केलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘गुणवत्ता मूळ डिस्कइतकीच’ असा शेरा मारलेला आहे. वेळेचे आकडे बरोबर असतीलही. शेऱ्याबद्दल मात्र काही सांगणे भाग आहे.

डीव्हीडीवरचा चित्रपट हा मुळातच दाबून बसवलेला असतो, ही गोष्ट लेखात कुठेच आलेली नाही. एमपेग-2 या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्यातील तपशील आकड्यांत मांडला जातो आणि जागा वाचवण्यासाठी ते आकडे एका ठरावीक टप्प्याच्या जवळच्या पटीत बसवले जातात. समजा मूळ आकडा 34 होता आणि टप्पा 6 चा होता, तर डिस्कवर 36 नोंदला गेला. आता तीच डिस्क आणखी लहान करताना टप्पा 10 चा केला, तर 36 चे 40 होतात. मूळ 34 हातात असते तर त्याचे 30 झाले असते, म्हणजे चूक 4 ची राहिली असती. ती आता 6 ची झाली आणि उलट्या दिशेला गेली. असे लाखो आकड्यांचे होते. आधीच दाबलेले चित्र पुन्हा दाबण्याची ही किंमत कोणत्याही सॉफ्टवेअरला चुकत नाही. प्रश्न असतो तो ती किती आणि कुठे मोजायची, एवढाच. आणि सॉफ्टवेअरमधला खरा फरक तिथेच पडतो.

दुपदरी, म्हणजे दोन थरांच्या डीव्हीडीत 8.5 जीबी मावतात, एकपदरी कोऱ्या डिस्कवर 4.7 जीबी. दोन तासांच्या चित्रपटाला दुपदरी डिस्कवर सेकंदाला सरासरी सुमारे 94 लाख बिट (माहितीचे सर्वांत लहान एकक) मिळू शकतात, एकपदरीवर साधारण 52 लाख, आणि त्यातही आवाजाचा वाटा काढावा लागतो. चित्रपट तीन तासांचा असेल तर हा आकडा 35 लाखांच्या आसपास घसरतो. लेखात दोन्ही लांबीच्या चित्रपटांना एकच सल्ला दिलेला आहे, तो या साध्या भागाकारापुढे टिकत नाही.

ही कपात करण्याचे दोन मार्ग आहेत. डीव्हीडी श्रिंकसारखी सॉफ्टवेअर चित्र पूर्ण उलगडतच नाहीत. कुठला तुकडा कुठून कुठे सरकला याची मूळ डिस्कवरची नोंद ती जशीच्या तशी ठेवतात आणि फक्त आकडे अधिक ढोबळ करतात. म्हणूनच ती इतकी झटपट काम उरकतात. दुसरा मार्ग डीव्हीडी रीबिल्डरसारख्या सॉफ्टवेअरचा. ते प्रत्येक फ्रेम (चित्रपटातले एकेक स्थिर चित्र) उलगडून सिनेमा क्राफ्ट एन्कोडर किंवा एचसी यांसारख्या एन्कोडरच्या, म्हणजे चित्र नव्याने दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हवाली करते, आणि तो एन्कोडर नव्या, लहान बिटरेटला (सेकंदाला मिळणाऱ्या बिटना) साजेसे सगळे निर्णय पहिल्यापासून घेतो. दोन फेऱ्यांची सोय वापरली तर पहिल्या फेरीत कोणते दृश्य अवघड आणि कोणते सोपे याचा अंदाज घेतला जातो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटले जातात. याला कित्येक तास लागू शकतात. लेखाच्या तक्त्यात हेच सॉफ्टवेअर तळाला गेले आहे, कारण तक्ता घड्याळाचा आहे.

झटपट मार्गाची एक अडचण नीट पाहण्यासारखी आहे. एमपेग-2 मध्ये काही फ्रेम स्वयंपूर्ण असतात आणि पुढच्या फ्रेम त्यांच्यावर बेतलेल्या असतात. आधीची फ्रेम ढोबळ झाली की तिच्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेममध्ये ती चूक उतरते, वाढत जाते आणि पुढची स्वयंपूर्ण फ्रेम आली की एकदम पुसली जाते. डीव्हीडीत अशी फ्रेम साधारण दर अर्ध्या सेकंदाला येते. त्यामुळे मंद प्रकाशातली भिंत किंवा धुके स्थिर असूनही हलके हलके ‘श्वास’ घेत असल्यासारखे दिसते. ज्या फ्रेमवर दुसरी कोणतीच फ्रेम अवलंबून नसते अशा बी-फ्रेमना अधिक कात्री लावून आणि चुकीची भरपाई करणारे पर्याय देऊन चांगली सॉफ्टवेअर हा दोष बराच आटोक्यात ठेवतात. डीव्हीडी श्रिंकच्या शेवटच्या आवृत्त्यांत तशी सोय आहेही. पण कपात खोल झाली की भरपाई पुरत नाही. मग पाण्याच्या लाटा, पाऊस, गर्दी, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणारे बदल या ठिकाणी चौकोनी ठोकळे उघडे पडतात.

माझे मत असे की मूळ आकाराच्या चार-पंचमांशापर्यंतच कपात करायची असेल तर झटपट मार्ग बेलाशक धरावा, फरक शोधूनही सापडणे कठीण. दोन-तृतीयांशाच्या खाली जायचे असेल तर संगणक रात्रभर चालू ठेवण्याची तयारी करावी. मधल्या पट्ट्यात चित्रपट कसा आहे यावर सगळे अवलंबून आहे: चार भिंतींत घडणारा संवादप्रधान चित्रपट बरेच सहन करतो, युद्धपट करत नाही.

आणि चित्राला हात लावण्यापूर्वी इतर सामान कमी करता येते, हा मुद्दा लेखात एका ओळीत उरकला आहे. डिस्कवर डॉल्बी आणि डीटीएस अशा दोन्ही पद्धतींनी नोंदलेले आवाज असतील तर डीटीएस वगळावा. डीव्हीडीवर तो बहुधा सेकंदाला सुमारे साडेसात लाख बिट घेतो, म्हणजे दोन तासांत जवळपास 680 एमबी, एकपदरी डिस्कचा सातवा हिस्सा. डॉल्बीचा सेकंदाला 448 किलोबिटचा आवाज घरच्या स्पीकरवर अजिबात उणा वाटत नाही. नको असलेल्या भाषा, जाहिराती, मुलाखती वगळल्या तर कधी कधी चित्राला धक्काही न लावता चित्रपट बसतो.

आता डिस्कवरून डिस्कवर नक्कल करणारे थोडे, आणि फाइल करून ठेवणारे अधिक. तिथे हँडब्रेक हे सॉफ्टवेअर आणि त्यातील एक्स-264 हा एन्कोडर यांची शिफारस लेखात आहे, ती योग्यच. एक्स-264 ज्या पद्धतीने चित्र दाबतो ती एच.264 ही पद्धत 2003 मधली, एमपेग-2 पेक्षा बरीच काटकसरी, त्यामुळे निम्म्याहून कमी जागेत समाधानकारक चित्र मिळू शकते. मात्र लेखात फाइलचा आकार आधी ठरवून द्यायला सांगितले आहे, ते मला पटत नाही. हँडब्रेकमध्ये गुणवत्तेचा आकडा ठरवून आकार सॉफ्टवेअरवर सोपवता येतो. डीव्हीडीच्या चित्रासाठी तो साधारण 18 ते 22 असावा आणि आकडा जितका लहान तितके चित्र चांगले. अशाने शांत चित्रपटाची फाइल लहान होते, धावपळीच्या चित्रपटाची मोठी, आणि तसेच व्हायला हवे. ग्राफिक्स कार्डाच्या भरवशावर चालणारा वेगवान एन्कोडर निवडला तर वेळ झपाट्याने कमी होतो, पण तेवढ्याच आकारात एक्स-264 च्या सावकाश सेटिंगइतके चित्र तो सहसा देत नाही.

दोन सेटिंगबद्दल विशेष सावध राहावे. टीव्हीसाठी चित्रित झालेल्या पुष्कळ डिस्कवर प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असते. त्या ओळी जुळवून टाकण्याची क्रिया मुळात गरज नसलेल्या चित्रपटावर केली तर तपशील कायमचा जातो, आणि गरज असताना केली नाही तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. दुसरे म्हणजे फिल्मचे दाणे. ते एन्कोडरला फार महाग पडतात, म्हणून ‘नॉइज’ घालवण्याचा पर्याय मोहक वाटतो. फाइल खरोखर बारीक होते, पण चेहऱ्यावरची त्वचा मेणाची होऊन बसते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांवर हा पर्याय मी तरी कधीच वापरणार नाही.

लेखासोबत छापलेली स्थिरचित्रांची तुलनाही फसवी आहे. दिवसाउजेडीचे, स्थिर चेहऱ्याचे दृश्य कुठलेही सॉफ्टवेअर नीट दाबते, आणि श्वासासारखी ती थरथर तर स्थिरचित्रात दिसणारच नाही. तुलना करायची तर अंधाऱ्या खोलीतले दृश्य, धुराचे दृश्य आणि कॅमेरा वेगाने फिरतो असे दृश्य, तिन्ही चालत्या स्थितीत, मोठ्या पडद्यावर पाहावी लागतील, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने तयार केलेल्या फाइलचा आकार सारखा असावा लागेल. आपल्या तक्त्यात तो सारखा नाही. ज्याची फाइल सर्वांत मोठी, त्याच्याच चित्राला सर्वाधिक गुण मिळाले आहेत, यात आश्चर्य ते काय?

नक्कल होऊ नये म्हणून सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्कची खासगी नक्कल करण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता. आणखी एक पर्याय संपूर्ण राहून गेला, तो म्हणजे काहीच न दाबणे. मेकएमकेव्हीसारखे सॉफ्टवेअर डिस्कवरचे चित्र आणि आवाज पुन्हा एन्कोड न करता नुसते एका फाइलीत ठेवते. अशा शंभर डीव्हीडी, प्रत्येकी पूर्ण साडेआठ जीबीच्या धरल्या तरी, एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये मावतात. ब्लू-रेच्या बाबतीत हे जड जाते हे खरे, कारण तिथे एकेक डिस्क 50 जीबीपर्यंत जाते. तिथे एन्कोड करण्याला सबळ कारण उरते. डीव्हीडीपुरते मात्र ते कारण आता फारसे राहिलेले नाही.

लेखाचा पुढचा भाग ब्लू-रेवर येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात वेळेच्या रकान्याशेजारी फाइलचा आकार, वापरलेले सेटिंग आणि तुलनेसाठी निवडलेली दृश्ये यांचेही रकाने द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक