तक्रार: तुमच्या स्टॅम्प किटमधलं 'अभिनंदन' वाचता येत नाही

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

हा माझा तिसरा मेल आहे. आधीच्या दोन्ही मेलना उत्तर आलं, नाही असं नाही, पण दोन्ही वेळा तोच व्हिडिओ आला, 'नवीन स्टॅम्प वापरण्याआधी कंडिशन कसा करावा', म्हणजे शाई नीट लागावी म्हणून तयार कसा करावा, आणि खाली एक हसरा चेहरा. मी व्हिडिओ पूर्ण बघितला. दोनदा बघितला. त्यात जे सांगितलंय ते मी गेली कित्येक वर्षं करतेय, तेव्हा यावेळी जरा सविस्तरच लिहिते, म्हणजे ज्या कोणाकडे हा मेल जाईल त्यांनी तरी तो शेवटपर्यंत वाचावा.

ऑर्डर नंबर विषयात टाकलाय. घेतलेली वस्तू म्हणजे तुमचं कार्ड आणि गिफ्ट बनवायचं मोठं किट, ज्यात मराठी मजकुराची एक स्टॅम्प शीट, एक मोठ्या फुलाचा स्टॅम्प, अॅक्रिलिक ब्लॉक, काळं इंक पॅड, एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून वितळवायची, म्हणजे ठसा चकाकतो) आणि कार्डस्टॉकचे, म्हणजे कार्डाचे जाड, कागद असं सगळं एकत्र येतं. घ्यायचं कारण एकच, मराठी शीट. मराठी मजकुराचे चांगले स्टॅम्प सहज मिळत नाहीत, त्यामुळे डब्यावरचा फोटो बघितल्या बघितल्या मी ऑर्डर टाकली. ऑफिसमधली माझी एक मैत्रीण रिटायर होणार होती आणि तिला सगळ्यांना जाताना हातात काहीतरी द्यायचं होतं, म्हणून ४० छोटी कार्डं, ४० बुकमार्क आणि काड्यापेटीएवढे ४० डबे करायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. अक्षरं.

क्लिअर, म्हणजे आरपार दिसणारा, स्टॅम्प शीटवर असतो तेव्हा समोरून उलटा दिसतो, आरशात दिसतो तसा, त्यामुळे पाकीट उघडलं तेव्हा माझ्या काहीच लक्षात आलं नाही. 'अभिनंदन' सोलून ब्लॉकवर चिकटवला, शाई लावली, कागदावर दाबला, उचलला, आणि कागदावर आलं 'अभनिंदन'. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. मग 'प्रिय' घेतला. प चा पाय मोडलेला, त्याच्या शेजारी आख्खा र सुटा उभा, आणि वेलांटी त्यालाही सोडून पुढे जाऊन य च्या डोक्यावर बसलेली. 'शुभेच्छा' मध्ये च आणि छ चं भांडण झाल्यासारखं मधे अंतर, 'मनःपूर्वक' मध्ये रफार गायब आणि त्याच्या जागी पाय मोडका र. शीटवरच्या बारा मजकुरांपैकी धड असलेले तीन, आणि ते का धड आहेत माहितीये? कारण त्यांच्यात जोडाक्षरही नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. 'आभार' अगदी सुंदर उमटतो हो.

हे कशाने होतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या उत्तरात 'नीट दाबा' असं येणार नाही. देवनागरीत टाइप करताना आपण वेलांटी अक्षरानंतर देतो पण ती दिसते अक्षराच्या आधी, आणि जोडाक्षर तर फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोघं मिळून जुळवतात. ज्या डिझाइन सॉफ्टवेअरला किंवा त्याच्या ज्या सेटिंगला हे जुळवणं जमत नाही ते बिचारं जसं आलं तसं एकापुढे एक अक्षर मांडत जातं. तुमच्या डिझायनरने मजकूर पेस्ट केला, फाइल बनवणाऱ्याच्या कंप्युटरवर तो विस्कटला, आणि मराठी वाचणाऱ्या एकाही माणसाने निगेटिव्ह, म्हणजे ज्या फिल्मवरून स्टॅम्प घडतो ती, बनायच्या आधी त्यावर नजर टाकली नाही, असंच झालं असणार. डब्यावरच्या फोटोत मात्र सगळं अचूक आहे! म्हणजे तो फोटो या स्टॅम्पने उमटवलेल्या कार्डाचा नाहीच, कंप्युटरवर बनवलेला आहे. मजकूर नीट जुळलेला असतानाच त्याचं आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्रात, रूपांतर करून फाइल पुढे पाठवली असती तर ही वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट फुलाचा स्टॅम्प. याच्याबद्दल तुम्ही कंडिशनिंगचा व्हिडिओ पाठवलात. बरोबर आहे, नव्या फोटोपॉलिमरवर, म्हणजे हे आरपार दिसणारे स्टॅम्प ज्याचे बनतात त्यावर, एक निसरडा थर असतो, त्यावर शाई पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसते आणि ठसा पुरळ आल्यासारखा उमटतो. खोडरबर हलक्या हाताने फिरवलं की तो थर जातो. मी ते पहिल्याच दिवशी केलं. पण शाईचे थेंब झाले तर ठसा सगळीकडे ठिपक्याठिपक्यांचा येतो, आणि माझा ठसा पाकळ्यांना गडद, देठाला गडद आणि बरोब्बर मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा कोरा येतो, दर वेळी तिथेच. मग मी काय केलं, टेबलाची काच काढून दोन पुस्तकांवर ठेवली, स्टॅम्पला शाई लावून काचेवर वरून ठेवला आणि खाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. जिथे स्टॅम्प काचेला टेकतो तिथे शाई ओली काळीभोर दिसते, मधला भाग मात्र फिका, टेकतच नाही. वरून अंगठ्याने दाबलं की टेकतो, सोडलं की परत वर. म्हणजे स्टॅम्प मध्ये खोलगट आहे, जाडी सारखी नाही. याला जगातलं कुठलंही खोडरबर काही करू शकत नाही.

माझ्याकडे स्टॅम्प प्लॅटफॉर्म आहे, तोच झाकणाचा, ज्यात कागद लोहचुंबकाने पक्का बसतो आणि झाकणाला स्टॅम्प चिकटवला की पाहिजे तितक्या वेळा त्याच जागी परत परत मारता येतो. त्यातही पाच पाच वेळा मारलं. शेवटी कागदाच्या खाली बरोब्बर त्या जागी पातळ कागदाचे गोल तुकडे लावले, दोन लावले तर पुरत नव्हते, तीन लावले तर उमटायचं पण पाकळ्यांच्या कडा फासायच्या. अडीच कागद कसा लावायचा ते तुम्हीच सांगा. 😐

इथेच एक गोष्ट बोलून टाकते. डब्यावर मोठ्या अक्षरात 'रबर स्टॅम्प' असं लिहिलंय. आत रबर नाहीच. रबर म्हणजे गंधक घालून उष्णतेने पक्कं केलेलं, चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या पद्धतीचं, जे साच्यात दाबून शिजवतात. तुमचं फोटोपॉलिमर आहे, पातळ रेझिन निगेटिव्हवर ओतून अतिनील प्रकाशात घट्ट करतात ते. वाईट नाहीये ते, उलट आरपार दिसत असल्यामुळे जागा अचूक धरता येते आणि मला स्वतःला शब्दांसाठी तेच आवडतं. पण नाव चुकलं की काळजी घ्यायची पद्धतही चुकते, आणि तुमच्या माहितीपत्रकावर चक्क छापलंय, 'धुवून उन्हात वाळवा'. अहो फोटोपॉलिमर उन्हात ठेवलं की पिवळं पडतं आणि हळूहळू कडक होऊन तडकतं! कोणा नवशिक्याने तुमचं ऐकून रोज खिडकीत वाळवला तर वर्षभरात स्टॅम्प हातात तुटेल आणि तुम्ही त्यालाही व्हिडिओ पाठवाल.

आता इंक पॅड. पॅडवर लिहिलंय 'पिगमेंट इंक, एम्बॉसिंगसाठी योग्य'. पिगमेंट शाई घट्टसर असते, कागदाच्या वर राहते, वाळायला वेळ घेते, म्हणून तर तिच्या ओल्या ठशावर पावडर चिकटते आणि हीट गनने वितळवता येते. तुमच्या पॅडचा ठसा मी मारेपर्यंत वाळलेला. पावडर टाकली, कागद टिचकी मारून झटकला, सगळी पावडर परत डबीत. एक कण चिकटला नाही. तुम्ही विचाराल 'हेअर ड्रायर वापरला का', तर नाही, हेअर ड्रायरने पावडर वितळण्याआधी उडून जाते हे मला माहीत आहे, माझ्याकडे हीट गन आहे, आणि मुळात गरम करण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही कारण गरम करायला कागदावर काही उरलंच नव्हतं. मग माझ्या जुन्या एम्बॉसिंग पॅडने तोच स्टॅम्प मारला आणि तुमचीच पावडर टाकली, तर काय सुंदर चकाकी आली, कडा एकदम धारदार. म्हणजे पावडर उत्तम आहे, जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणायला मला काही त्रास नाही, ब्लॉकही चांगला आहे, त्यावरच्या रेघा सरळ आहेत.

पॅडची खात्री करायला अजून दोन गोष्टी केल्या. वाळलेल्या ठशावर अर्ध्या तासाने पाण्याचा थेंब सोडला, दहा मोजेपर्यंत निळसर जांभळी कडा पसरली. आणि एका पट्टीवर ठसे मारून अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकून खिडकीला चिकटवली. २१ दिवसांनी काढली तेव्हा झाकलेली बाजू काळी आणि उघडी बाजू जुन्या पावतीसारखी तपकिरी. ही डाय इंक आहे, म्हणजे कागदात मुरणारी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई. डाय इंकला माझा विरोध नाही, पटकन वाळते, कामाची आहे, पण मग तसं लिहा, कारण मी वरून वॉटरकलर करणार म्हणून पिगमेंट घेतलं होतं आणि पहिली सहा कार्डं ब्रश लावताच काळपट चिखल होऊन गेली. बुकमार्कचं तर विचारूच नका, लोक ते पुस्तकातून बाहेर लटकवून ठेवतात, उजेडात.

कागदाचं थोडक्यात सांगते. पाकिटावर ३०० जीएसएम लिहिलंय, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. ए४ कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग, तर ३०० जीएसएमचे १० कागद साधारण १८७ ग्रॅम भरायला हवेत. मी वजनकाट्यावर ठेवले, १३१ ग्रॅम. म्हणजे २१० जीएसएमच्या आसपास. घडी घातली की कार्ड उभं राहत नाही, दमल्यासारखं बसतं. मी आधी घडीच्या जागी रेघ ओढून घेते, कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघून घडी घालते, तेव्हा तेही विचारू नका.

आता मला काय हवंय. एक, मराठी शीट दुरुस्त करून नवीन पाठवा, आणि पाठवण्याआधी तिचा खरा ठसा कागदावर मारून, फोटो काढून मला मेल करा, कंप्युटरवरचं चित्र चालणार नाही. फुलाचा स्टॅम्प बदलून द्या. पॅडच्या जागी खरोखरचं पिगमेंट पॅड द्या. कागदाचे पैसे परत द्या, कागद मला नकोत, ते मी छोट्या डब्यांना आतून अस्तर म्हणून वापरून संपवले, तेवढे तिथे बरे बसले. आणि डब्यावरचा मजकूर आणि ते उन्हात वाळवायचं वाक्य बदला, हे माझ्यासाठी नाही, पुढच्या माणसासाठी सांगतेय. हे सगळं जमणार नसेल तर कागद सोडून बाकीचं किट परत घेऊन पूर्ण पैसे द्या, पण मग ते सरळ सांगा, गोल गोल उत्तर नको.

मैत्रिणीची ४० कार्डं वेळेवर झाली. फुलं तुमच्या स्टॅम्पची आहेत, मधली कोरी जागा मी प्रत्येकावर पिवळ्या पेनने ठिपके देऊन भरली, लोकांना वाटलं परागकण आहेत आणि मुद्दाम केलंय. मजकूर सगळा हाताने लिहिला, दोन रात्री बसून, शेवटच्या दहा कार्डांवर अक्षर बिघडलंय ते मलाच कळतंय.

या मेलसोबत सात फोटो जोडलेत: तीन ठशांचे, काचेखालून काढलेला एक, उन्हातल्या पट्टीचा एक, वजनकाट्याचा एक, आणि 'अभनिंदन' चं एक पूर्ण कार्ड, सोनेरी पावडर लावून, कारण पावडर खरंच छान आहे. ते कार्ड वेगळं पोस्टानेही तुमच्या डिझाइन विभागाला पाठवलंय.

उत्तर देताना कृपा करून तो व्हिडिओ परत पाठवू नका.

तुमची एक जुनी ग्राहक