सिस्टर, तुम्ही स्टूल पुढं ओढलंत त्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

३१ मेला तुमचा निवृत्तीचा निरोप समारंभ झाला तेव्हा मी ड्यूटीवर होते. बॅचमधल्या मुलींनी फोटो पाठवले. शाल, श्रीफळ, हार, आणि तुमच्या चेहऱ्यावर 'चला, आवरा, वॉर्डात कोण आहे?' असा भाव. मी तिथं असते तर दोन शब्दही बोलू शकले नसते, नुसती रडले असते. म्हणून लिहून सांगते, आणि सगळ्यांसमोर सांगते. मला ज्यांनी टाकून बोलायचं ते चारचौघांतच बोलले होते, मग आभार तरी गुपचूप कशाला मानायचे?

मी नर्सिंगला कशी आले हे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. बारावी आर्ट्स झाली, मार्क बरे होते. सांगोल्यात प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एकानं दादांना गाठलं. वर्षभराचा कोर्स, लगेच नोकरी, फी तेवढी आजच भरा. दादांचा हात खिशाकडं गेलाही होता. गावातल्या उपकेंद्रातल्या नर्सबाई नसत्या तर ते पैसे बुडालेच असते. त्यांनी एवढंच विचारलं, "भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होणार का?" नर्सिंगच्या कोर्सांत एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. वर्षभरात कुणी नर्स होत नाही, आणि नोंदणी होणार नसेल तर ते सर्टिफिकेट घरात लावण्यापुरतंच. असल्या माणसांकडं आजही मुली जातात याचा मला संताप येतो. ज्या घरात दुसऱ्यांदा फी भरायची ऐपत नसते, नेमकी तीच घरं ही माणसं हुडकतात.

नातेवाईकांचं तर विचारूच नका. "रात्रपाळीची नोकरी, परक्या पुरुषांना हात लावायचा, पोरीचं लग्न कसं जमवणार?" असं म्हणणाऱ्यांच्याच घरात सावित्रीबाईंचा फोटो आहे. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. फोटोला हार घालताना हे त्यांना कधी आठवलं नाही.

पण खरा घाव बाहेरच्यांनी घातला नाही. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडं येण्याआधी मी ज्या वॉर्डात होते, तिथं मी कॅन्युलाचा, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायच्या सुईनळीचा, ट्रे हातात घेतला आणि इनचार्जनी तो काढून घेतला. "इंग्रजी येत नाही, हात थरथरतोय, तुला नर्सिंगला पाठवलं कुणी?" नातेवाईक बघत होते, वॉर्डबॉय बघत होता. त्यानंतर तिथं माझ्या वाट्याला लॅबमध्ये सॅम्पल पोचवणं आणि चादरी मोजणं एवढंच आलं. शिकायला आलेल्या मुलीला शिकवायचंच नाही आणि वर 'हल्लीच्या पोरींना काही येत नाही' म्हणायचं, हे किती वॉर्डांत चालतं ते आम्हा सगळ्याजणींना माहीत आहे. मी घरी फोन करून सांगितलं होतं की सुट्टीत आले की परत जाणार नाही.

आणि मग तुमचा फिमेल मेडिकल वॉर्ड. जुलाबानं गळून गेलेल्या त्या आजी आठवतात का? सुरकुतलेली सैल कातडी, शिरा अगदी खोल गेलेल्या. तुम्ही मला हाक मारलीत आणि निळी कॅन्युला काढायला सांगितलीत. माझा हात बघितलात, बोलला काहीच नाहीत. पायानं लोखंडी स्टूल पुढं ओढलंत आणि म्हणालात, "बस. उभ्यानं वाकून हात स्थिर राहत नाही."

विद्यार्थिनीनं वॉर्डात बसायचं नसतं हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मी बसलेच नाही. तुम्ही खांद्याला धरून बसवलंत आणि स्वतः शेजारी उभ्या राहिलात. मग आजींकडं वळून म्हणालात, "आजी, ही शिकतेय. मी इथंच उभी आहे. हिनं टोचलं तर चालेल ना?" आजी म्हणाल्या, "टोच गं बाई, माझी नात बी तुझ्याएवढीच हाय." अंगात त्राण नसलेल्या बाईलाही तुम्ही विचारलंत. आमच्या पुस्तकात रुग्णाच्या संमतीवर अख्खा धडा आहे. मला ती संमती त्या दिवशी कळली.

आजींचा हात कॉटखाली सोडायला लावलात, शीर फुगेपर्यंत वाट बघायला लावलीत. कॅन्युलाच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं, म्हणजे शीर सापडली, आणि नेमका त्याच वेळी डॉक्टरांचा राऊंड आला. मी उठायला लागले. तुमचा हात खांद्यावरून हलला नाही. "आधी चिकटपट्टी," मला म्हणालात, आणि डॉक्टरांना म्हणालात, "एक मिनिट सर, सिस्टरचं काम चालू आहे." ते थांबले. सगळा राऊंड थांबला. मी बसून पट्टी लावली, सलाईन सुरू केली, घड्याळ धरून थेंब मोजले, आणि मगच उठले. त्या रात्री घरी फोन करून सांगितलं की माझा बेत बदललाय.

तुम्ही हे विसरला असाल. तुमच्यासाठी ती रोजचीच सकाळ होती.

नाईटला तुमच्याबरोबर असताना पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, पाठ बघायची, पावडर लावायची. आम्ही पेंगायचो. तेव्हा एकदा तुम्ही अरुणा शानबाग यांच्याबद्दल सांगितलंत. त्या मुंबईच्या केईएममध्ये नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३मध्ये त्यांच्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ला जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत किती जणी निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील, आणि प्रत्येकीनं आधीचीचं काम आपलं मानलं. त्यांना दयामरण द्यावं या याचिकेवरच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही त्या परिचारिकांचं कौतुक केलं. तुम्ही मात्र निकालाबद्दल बोलला नाहीत. "एवढी वर्षं रोज पाठ बघितली असेल, विचार कर," एवढंच म्हणालात आणि पुढच्या कॉटकडं गेलात. त्यानंतर मला पाठ बघायचा कंटाळा कधी आला नाही.

दरवर्षी १२ मेला परिचारिकांना गुलाब देतात, भाषणात देवदूत म्हणतात. मला त्याचा राग नाही. पण एका वॉर्डात दोघीच स्टाफ आणि कॉट भरून जमिनीवर गाद्या, अशा दिवशी विद्यार्थिनीला हाताला धरून शिकवायला सवड काढणं फार अवघड असतं. आवाज न चढवता तर आणखीच. तुम्ही ते नोकरीभर केलंत. मला टोचायला शिकवलंत हे आहेच, पण मी त्या जागी बसण्यालायक आहे हे तुम्ही डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना दाखवलंत. तोपर्यंत ते मलाही पटलेलं नव्हतं.

आता थोडं माझं. कौन्सिलची नोंदणी झाली. सोलापुरात एका हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये लागले आहे. पगार फार नाही, पण शिकायला भरपूर मिळतं. पुढं जीएनएमनंतर करतात ते पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं मनात आहे. तुम्ही काय म्हणता ते विचारायला येणारच आहे. दादांनी बागेतल्या भगव्या डाळिंबांची पेटी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. तुम्ही पेशंटकडून कधी काही घेतलं नाहीत हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आम्ही काय पेशंट आहोत का? तेव्हा रविवारी पेटी घेऊन येते, नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी,
फिमेल मेडिकलची, सांगोल्याची