काकू, त्या यादीच्या कागदासाठी

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी, २ नोव्हेंबरला, इथली घड्याळं एक तास मागे गेली. मागच्या वर्षी त्या दिवशी मी सकाळी उठून पहिल्यांदा हिशेब केला होता. कॅनडातलं एडमंटन आणि सांगली यांच्यात उन्हाळ्यात साडेअकरा तासांचं अंतर, ते आता साडेबारा झालं. म्हणजे मी रात्री साडेनऊला फोन लावला तर नवऱ्याकडे सकाळचे दहा, आणि दहाला तो कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर उभा. यंदा घड्याळ मागे केलं, सवयीने बोटं मोजायला लागले, आणि आतल्या खोलीतून त्याचाच आवाज आला, "साखर किती घालू?" त्याच वेळी ठरवलं की तुम्हाला लिहायचंच.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि ताटात आणखी एक भाकरी वाढता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही काय केलंत ते नीट सांगणार आहे. नवऱ्याला नाहीतर बायकोला इकडे आणायच्या अर्जाची फाइल उशाशी घेऊन झोपणारे आपल्यातले खूप जण आहेत, आणि आम्ही जिथे घसरणार होतो तिथेच त्यांचाही पाय घसरू शकतो.

आपली ओळख २०२४ च्या पाडव्याची. मंडळाचं जेवण उरकलं होतं, तुम्ही श्रीखंडाचं पातेलं घासत होतात आणि मी विसळत होते. तुम्ही सहज विचारलंत, "नवरा कुठे असतो गं?" आणि मला एकदम रडू फुटलं. लग्नाला चार महिने झाले होते. त्यातले सोळा दिवस आम्ही एकत्र होतो.

आमचं लग्न कसं झालं ते तुम्हाला तिथेच सांगितलं. स्थळ आत्याने सुचवलं. तीन महिने आम्ही फोनवर बोललो, दोघांनाही पटलं. डिसेंबर २०२३ मध्ये मी तीन आठवड्यांची रजा काढून गेले, ती फक्त साखरपुड्यासाठी. लग्न मे महिन्यात, कार्यालय घेऊन करायचं ठरलं होतं. पण त्याची आजी अंथरुणाला खिळली होती आणि तिला नातसून बघायची होती. याद्या करायला म्हणून दोन्हीकडची माणसं बसली आणि त्याच दुपारी यादी पे शादी झाली. अंगणात, चाळीस-पन्नास माणसांत. अक्षता शेजारणीच्या घरातून आल्या. फोटो माझ्या मावसभावाने मोबाईलवर काढले. पत्रिका छापलीच नव्हती. आजी जानेवारीत गेली.

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण हीच हकीकत फाइलीत वाचणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला काय दिसेल? कॅनडात पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, असलेली मुलगी, आधी कधी प्रत्यक्ष न भेटलेला मुलगा, बोलणी आणि लग्न एकाच दिवशी, ना पत्रिका ना हॉल, आणि सोळा दिवसांनी बायको परत. खोट्या लग्नाची सगळी लक्षणं.

नेमकं हेच त्या एजंटने मला सांगितलं होतं. पाडव्याच्या आधीच मी त्याला अर्धे पैसे देऊन बसले होते. तो म्हणाला, अशी फाइल पास होत नाही, आपण ती "मजबूत" करू. त्याने आमची गोष्टच नवीन लिहिली. आम्ही फेसबुकवर भेटलो, दोन वर्षं प्रेमात होतो, मग घरच्यांची समजूत काढली. पत्रिका मागची तारीख घालून छापून घ्या, हॉल भाड्याने घेऊन हार घालून फोटो काढा, सगळे असंच करतात. नवरा तिकडून फोनवर म्हणत होता की हे बरोबर वाटत नाही. मी त्यालाच गप्प केलं. मी घाबरले होते काकू, आणि घाबरलेल्या माणसाला "सगळे असंच करतात" या वाक्याचा फार आधार वाटतो.

त्यानंतरच्या शनिवारी मी ती फाइल तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. तुम्ही चष्मा लावून सगळी पानं वाचलीत. चहा गार झाला. मग पेन्सिल उचललीत आणि "फेसबुकवर भेटलो" या वाक्यावर एक आडवी रेघ मारलीत. म्हणालात, "पोरी, हे तुझं लग्न नाही. हे दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न आहे."

तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण सांगायचं ते स्पष्ट सांगितलंत. अर्जात खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळून भागत नाही, नवऱ्याला पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होऊ शकतं. मग कॉम्प्युटर उघडून दाखवलंत की पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर वकील तरी असावं लागतं, नाहीतर 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या नोंदवहीत नाव असावं लागतं. ती नोंदवही कुणालाही बघता येते. आपण त्या एजंटचं नाव शोधलं. नव्हतं. माझे पैसे गेले ते गेले, पण त्याच्या हातून तो अर्ज जाण्याआधी मी तुमच्याकडे आले, याचा विचार अजूनही रात्री मनात येतो.

मग तुम्ही विचारलंत, "त्या दिवशीचं काय काय आहे तुमच्याकडे? कागद म्हणून?" मी म्हटलं, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला आहे, बाकी काही नाही. तुम्ही म्हणालात, "आणि यादी?"

यादीचा कागद सासूबाईंनी देवघरात, पंचांगात घालून ठेवला होता. नवऱ्याने त्याचा फोटो पाठवला आणि आपण दोघींनी तो मोठा करून पाहिला. शाळेच्या वहीतलं रेघांचं पान. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, मध्ये "श्री", खाली तारीख. "हुंडा नाही. मानपान नाही. जेवणाचा खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा. मुलीला साडी मुलाकडून, मुलाला कपडे मुलीकडून." त्याखाली आमच्या काकांच्या अक्षरात आणखी एक ओळ, शाई वेगळी: "आजींच्या इच्छेवरून विवाह आजच करण्याचे ठरले." आणि सह्या. माझे बाबा, त्याचे बाबा, आत्याचे यजमान, गावचे दोघे जण. सगळ्यात खाली आजीचा अंगठा, जरा पुसटलेला.

तुम्ही बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "यापेक्षा चांगला पुरावा कुठली पत्रिका देणार आहे?"

ते पान मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. पण ते आमच्या घरातलं एक पान होतं, पुरावा म्हणून त्याच्याकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. ज्या गोष्टीची मला लाज वाटायला लागली होती, घाईघाईत उरकलेलं लग्न, तीच तुम्ही सगळ्यात आधी सांगायला लावलीत.

तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, तरी तुम्ही भाषांतराला हात लावला नाहीत. घरच्यांनी किंवा अर्जाला मदत करणाऱ्याने केलेलं भाषांतर चालत नाही, म्हणालात. यादी आणि दाखला पुण्यातल्या भाषांतरकाराकडे पाठवायला लावलेत, प्रतिज्ञापत्रासह. आणि सोबत एक वेगळं पान मला लिहायला लावलंत: याद्या म्हणजे काय, लग्नाआधी मुलगा-मुलगी एकत्र फिरल्याचे फोटो आमच्याकडे का नाहीत, आजारी माणसासाठी लग्न अलीकडे ओढणं ही आमच्याकडची जुनी रीत कशी आहे. ते पान मी सहा वेळा लिहिलं. तुम्ही दर वेळी एकच प्रश्न विचारायचात: "ज्याने आयुष्यात अक्षता पाहिल्या नाहीत, त्याला हे कळेल का?"

मे ते ऑगस्ट, जवळपास प्रत्येक शनिवार. नात्याच्या माहितीचा तो लांबलचक फॉर्म, आयएमएम ५५३२, आपण रांगोळीसारखा ठिपक्या-ठिपक्याने भरला. कधी भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला कोण कोण होतं. फोटो वीसच लावायचे, संदेशांची पानं दहाच. दोन हजार फोटोंतून वीस निवडताना मी सगळे हसरे, नटलेले काढले होते. तुम्ही त्यातले आठ बाजूला ठेवलेत आणि आजीच्या खाटेशेजारी आम्ही दोघं बसलोय तो घातलात, ज्यात माझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. संदेशांचंही तसंच. मी वाढदिवसाचे, गोड बोलण्याचे निवडले होते. तुम्ही म्हणालात, भांडणाचाही एक घाल. मग गॅस सिलिंडरच्या पैशांवरून आमची झालेली वादावादी त्या दहा पानांत गेली. पासपोर्टवर सासऱ्यांच्या नावात 'ए' दोन आणि दाखल्यावर एक, हे तुम्हाला दिसलं. मला आणि त्याला दिसलं नव्हतं. त्याचं वेगळं खुलासापत्र जोडलं.

हमीपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा तुम्ही पेन माझ्या हातातून काढून घेतलंत. म्हणालात, आधी वाच. तो पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या खाण्यापिण्याची, राहण्याची जबाबदारी तुझी. उद्या तुमचं पटलं नाही तरी ती सुटत नाही. मी वाचलं, आणि मग सही केली. एवढ्या गंभीरपणे मला लग्नातही कुणी काही विचारलं नव्हतं.

१,२०५ डॉलर फी, वर बोटांच्या ठशांचे ८५. त्या महिन्यात माझ्याकडे तेवढे नव्हते. हे इथे लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून पुढचं लिहीत नाही. फक्त एवढंच की ते मी फेडले आहेत, आणि तरी फिटलेले नाहीत.

तुम्ही हे का करता, असं एकदाच विचारलं होतं. तेव्हा तुम्ही कपाटातून निळ्या एरोग्रामचं पुडकं काढलंत. १९७९ साली तुम्ही कराडहून आलात, त्याआधी चौदा महिने काका इकडे आणि तुम्ही तिकडे. एक पत्र पोचायला दोन-तीन आठवडे. काकांनी पाठवलेल्या कागदांत काय लिहिलंय ते सांगणारं घरात कुणी नव्हतं, शाळेतल्या एका इंग्रजीच्या बाईंनी संध्याकाळी थांबून तुम्हाला ते वाचून दाखवले. तुम्ही त्या बाईंबद्दल इतकंच सांगितलंत आणि पुडकं परत ठेवून दिलंत.

अर्ज गेला ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये भारत आणि कॅनडा या दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी घालवून दिले. त्या रात्री मी झोपले नाही. आता सगळंच बंद होणार, असं जो तो सांगत होता. तुम्ही सकाळी सातला फोन केलात आणि विचारलंत, त्याचे ठसे झाले का? म्हटलं, पुण्याला झाले. मेडिकल? मुंबईची तारीख मिळाली आहे. "मग त्याला मुंबईला जाऊ दे. बातम्या तू बघ, त्याला दाखवू नकोस." तो गेला. एकेक कागद पुढे सरकत राहिला.

मला नोकरी सोडून त्याच्याकडे जाऊन राहावं असं फार वाटायचं. पण पीआर असलेल्याला स्पॉन्सर करायचं तर कॅनडातच राहावं लागतं, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगितलंत. फेब्रुवारीत तीन आठवडे जाऊन आले, तेव्हा विमानतळावर सोडायला तुम्हीच होतात. उणे सत्तावीस होतं आणि तुम्ही गाडीतून उतरलात. त्यानंतर एप्रिल, मे, जून पोर्टलवर एक अक्षर हललं नाही. मी रोज उठून तेच पान उघडायची. तुम्ही पाच डॉलर भरून फाइलीतल्या नोंदी मागवायला लावल्यात. नोंदी आल्या. त्यात विशेष काही नव्हतं, पण मुलाखतीला बोलवायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यावर मी उन्हाळा काढला.

सप्टेंबरात तो आला. नदीच्या खोऱ्यातली झाडं पिवळी झाली होती. बाहेर येणाऱ्या माणसांत तो मला आधी दिसलाच नाही, तुम्हाला दिसला. फोटोवरूनच ओळखलंत. त्याने वाकून नमस्कार केला तर तुम्ही त्याचे हात धरलेत आणि म्हणालात, "जेवलास का विमानात काही?"

काकू, एक मागणं आहे. पोर्टलवर चढवलेली फाइल माझ्याकडे आहे. पण तुमच्याकडे तो पहिला गठ्ठा असेल, एजंटने लिहिलेला, ज्यावर तुम्ही पेन्सिलीने रेघा मारल्यात आणि समासात "खरं काय?" असं बारीक अक्षरात लिहिलंत. तो टाकून देऊ नका. आम्ही दोघं शनिवारी येतोय, तेव्हा मी तो घेऊन जाईन. सासूबाईंनी त्याच्याबरोबर यादीचा मूळ कागद पाठवलाय, तोही घेऊन येऊ. तुम्ही तो आजवर फोनवरच पाहिलाय.

तुमची,
सांगलीची लेक
एडमंटन, नोव्हेंबर २०२५