वनमंत्री साहेबांना खुलं पत्र: घराभोवतीचं गवत कोण कापणार?

मा. वनमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आता ऑक्टोबर चालू आहे, सड्यावरचं, म्हणजे आमच्या कातळाच्या पठारावरचं, गवत अजून अर्धं हिरवं आहे, म्हणून आत्ताच लिहितोय. हेच फेब्रुवारीत लिहिलं तर "वणवा लावणाऱ्यांवर कडक कारवाई करू" असं उत्तर येणार आणि तोपर्यंत इकडे काजूच्या बागा काळ्या झालेल्या असणार, दरवर्षीचं आहे ते.

मी राजापूर तालुक्यातल्या सड्यावरच्या एका वाडीतला. जंगल वाचवायला तुमच्या खात्याकडे जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेले पट्टे) आहेत, आगीवर नजर ठेवणारे फायर वॉचर आहेत, आता तर पाला उडवायचे ब्लोअर पण आलेत, चांगलंच आहे. पण वणव्यापासून घर वाचवायचं काम नक्की कोणाचं हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं, बाकी डोंगर, सडा, रान सगळं खाजगी मालकीचं. म्हणजे खात्याची जाळरेषा आमच्यापर्यंत येत नाही, वनजमीन नाही म्हणून गावकरी आणि वनखात्याची मिळून असते ती संयुक्त वन व्यवस्थापन समिती पण नाही, आणि अग्निशमनची गाडी शहरातून निघून पाणंदीच्या तोंडाशी येईपर्यंत जे जळायचं ते जळून गेलेलं असतं, तिथून पुढे तर ती आत शिरतच नाही. वणवा काही सातबारा बघून येत नाही साहेब.

लोकांना वाटतं वणव्यात घर जातं म्हणजे ज्वाळांची भिंत येऊन घर गिळते. तसं फार क्वचित होतं. घर जातं ते बहुतेक वेळा ठिणगीने. वाऱ्यावर जळकी पानं, काड्या, गवताची बोंडं उडत येतात आणि घराजवळ जे सुकं सापडेल त्यात बसतात. आणि कोकणातल्या घराजवळ मार्चमध्ये काय काय सुकं असतं बघा, मागच्या पडवीला टेकवून रचलेली जळाऊ लाकडं, शेणी, गोठ्यालगत पेंढ्याची उडवी, पन्हळीत आणि कौलांच्या सांध्यात अडकलेला आंब्याचा पाला, कुंपणावर चढून वाळलेल्या वेली, आणि सगळीकडे काजूचा पातेरा.

गेल्या शिमग्याच्या आसपास आमच्याकडे हेच झालं. आग पाणंदीच्या पलीकडे होती, आम्ही सगळे टहाळे घेऊन तिकडे झोडपत होतो, वाटलं आली आटोक्यात, आणि मागून शेजारच्या काकींची हाक आली, गोठ्यामागची उडवी पेटली होती. ठिणगी आमच्या डोक्यावरून गेली तरी कोणाला कळलं नाही. काकींनी गाय सोडली म्हणून ती वाचली, गोठा गेला. घर मात्र राहिलं, ते का राहिलं हे मी दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. गोठा आणि घराच्या मधे काकींची केळ आणि अळू आहे, मोरीचं पाणी तिकडेच जातं त्यामुळे जमीन कायम ओली, आणि काकी रोज सकाळी खराट्याने मागची बाजू झाडतात, पातेरा साठूच देत नाहीत. आग तिथपर्यंत आली आणि तिला पुढे खायलाच काही मिळालं नाही. पंचनामा झाला, पण त्यात पेंढ्याला आणि शेणींना रकानाच नव्हता, तो विषय वेगळा.

आता मुद्द्याचं. कॅलिफोर्नियात वणव्याच्या भागात घराभोवती 100 फुटांपर्यंत झाडोरा आटोक्यात ठेवायचा असा कायदाच आहे, आणि त्यातली घराला चिकटून असलेली पहिली 5 फूट सगळ्यात महत्त्वाची असं तिकडे आता सांगतात. तिकडचं सगळं इकडे चालणार नाही, पण तत्त्व तेच लागू पडतं. भिंतीपासून पाच-सहा फुटात सुकं काही नको, लाकडं आणि शेणी नकोत, पन्हळी आणि कौलं दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याआधी एकदा झाडून घ्यायची. त्याच्या पलीकडे तीसेक फुटांपर्यंत गवत घोट्याच्या खाली ठेवायचं, झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटायच्या म्हणजे जमिनीवरची आग शेंड्याला जात नाही, उडवी त्या पट्ट्याच्या बाहेर न्यायची. त्याच्या पुढे शंभर फुटांपर्यंत सगळं तोडायची गरज नाही, फक्त सुकी रानमोडी, टणटणी, वाळक्या वेली काढायच्या. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूचा पट्टा जास्त रुंद लागतो कारण आग चढावर पळते, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

पण एक सांगतो, साफ करा म्हणून वरून आदेश निघाला की जेसीबी येतो, आणि ते नकोच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतार उघडा खरवडला तर उन्हाळ्यात घर वाचेल आणि जुलैत माती घेऊन दरड खाली येईल. गवत कापायचं, उपटायचं नाही, मुळं जमिनीतच राहिली पाहिजेत. रातांबा, फणस, केळ असली हिरवी झाडं तर उलट घराजवळ हवीतच. तोडायचीच असेल तर ती ऑस्ट्रेलियन बाभूळ तोडा जी एके काळी वनीकरण म्हणून सडे भरभरून लावली, खाली तिच्या पानांचा हा एवढा थर असतो, त्यात गवतही धड येत नाही, आणि पेटली की विझता विझत नाही.

हे सगळं आम्हाला माहीत आहे मग करत का नाही, असं विचाराल. कारण वाडीतली निम्मी घरं बंद आहेत साहेब. चाकरमानी गणपतीला येतात, पायवाट आणि अंगण साफ करून जातात, गवत त्यानंतर पण वाढतच असतं, दिवाळीनंतर ते सुकतं आणि बंद घराच्या भोवती छातीएवढं उभं राहतं. मालक मुंबईला, सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यातली काही वारलेली, कोणाला विचारायचं? विचारल्याशिवाय शेजाऱ्याने कापलं तर उद्या जमिनीवर हक्क सांगतो म्हणून भांडण. म्हणून मधलं बंद घर सुकं राहतं आणि दोन्ही बाजूची राहती घरं त्याच्यामुळे धोक्यात. त्यात वीजवाले लाइनखालच्या फांद्या तोडतात आणि तिथेच टाकून जातात, तारा लोंबकळतायत, वारा आला की ठिणग्या पडतात, खाली तयार सरपण.

मजूर मिळत नाही हे पण आहे. ग्रासकटरवाला शोधावा लागतो, त्याचा रेट परवडत नाही, घरात सत्तरीची दोन माणसं असली तर ते काय पट्टा मारणार. आणि ग्रासकटर पण पहाटे दव असताना चालवावा लागतो, दुपारी कातळावर पातं आपटून ठिणगी पडली तर त्यानेच वणवा लागायचा.

तर मागणं असं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाडीभोवतीचा आणि घराभोवतीचा पट्टा कापायचं काम खाजगी जमिनीवर असलं तरी रोजगार हमीतून करू द्या, त्यासाठी ग्रामविकास आणि महसूलवाल्यांशी बोलायचं काम तुमचं. बंद घरांच्या बाबतीत ग्रामसभेने ठराव केला की शंभर फुटांतलं गवत कापायला वेगळी संमती लागणार नाही आणि कापल्याने कोणाचा कसलाही हक्क तयार होणार नाही, एवढं एका परिपत्रकात स्पष्ट लिहून द्या, अर्धी भांडणं तिथेच मिटतील. घराजवळच्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटायला परवानगी लागते की नाही हेही त्यातच लिहा, लोक घाबरून हात लावत नाहीत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था सॅटेलाइटवरून आगीचे अलर्ट मोबाइलवर पाठवते, कोणालाही नोंदणी करता येते, पण आमच्या पोलीस पाटलांना हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, तर निदान सगळे सरपंच आणि पोलीस पाटील त्यात घ्या. भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, बंद करा असं सांगू नका, कोणी ऐकणार नाही, तरव्याची (भाताच्या रोपांची) जमीन लोक भाजणारच, त्यापेक्षा आधी चारी बाजूंनी पट्टा काढून, वारा पडलेला असताना, चार माणसं आणि पाणी जवळ ठेवून भाजा हे दवंडी पिटून सांगा.

पहिल्या वर्षी सगळ्या जिल्ह्यात नका करू, राजापूर-लांजा पट्ट्यातल्या दहा वाड्या घ्या. आमची वाडी त्यात नसली तरी चालेल, पण गवत सुकायच्या आत सुरू करा, म्हणजे दिवाळी झाल्या झाल्या. बैठक लावणार असाल तर इकडे लावा, मुंबईला यायला वाडीतल्या कोणाला जमणार नाही, ग्रासकटर दाखवायला पण इथेच बरं पडेल.

कळावे,
सड्यावरचा एक काजू बागायतदार